दृष्टिदाते डॉक्टर गोविंदप्पा वेंकटस्वामी

तमिळनाडूच्या दक्षिण भागात, काळ्या मातीच्या कोरडवाहू मुलुखात, अयन वडमलापुरम नावाचे एक लहानसे खेडे आहे. त्या खेड्यातील एका शेतकरी कुटुंबात १ ऑक्टोबर १९१८ रोजी गोविंदप्पा वेंकटस्वामी यांचा जन्म झाला. पाच भावंडांत ते ज्येष्ठ होते. पहाटे गुरे सांभाळावीत, मग अनवाणी शाळेची वाट धरावी, असा त्यांच्या बालपणीचा क्रम होता. शाळेत पाटी-पेन्सिल अथवा कागद नसे. नदीकाठची वाळू आणून ती जमिनीवर पसरायची व बोटाने तीवर अक्षरे गिरवावयाची, अशी पद्धत होती. आपल्याकडील जुन्या पंतोजींच्या शाळेतील धूळपाटीचाच हा प्रकार. ज्या बोटांनी ही धुळाक्षरे गिरविली, त्या बोटांची कथा हेच या पुरुषाचे चरित्र होय, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

गावात डॉक्टर नव्हता. वेंकटस्वामी लहान असतानाच त्यांच्या नात्यातील तीन तरुण स्त्रिया गर्भारपणी व बाळंतपणी दगावल्या. या मृत्यूंचा त्यांच्या मनावर खोल परिणाम झाला आणि आपण डॉक्टर व्हावयाचे, तेही स्त्रियांची सुखरूप सुटका करणारे डॉक्टर व्हावयाचे, हा निश्चय त्यांनी त्या वयातच केला. मदुराईच्या अमेरिकन कॉलेजातून १९३८ साली ते रसायनशास्त्राचे पदवीधर झाले. नंतर मद्रासच्या स्टॅन्ले वैद्यकीय महाविद्यालयातून १९४४ साली वैद्यकाची पदवी घेऊन ते १९४५ मध्ये लष्कराच्या वैद्यकीय दलात दाखल झाले. येथवरचा मार्ग सरळ होता.

१९४८ च्या सुमारास त्यांना आमवाताने गाठले. हा साधा सांधेदुखीचा विकार नव्हे. या व्याधीत सांधे सुजतात, झिजतात व अखेरीस वाकडे होऊन तसेच राहतात. लष्करातील नोकरी सुटली. वर्षाहून अधिक काळ ते अंथरुणाला खिळून होते. उठून उभे राहणे तर दूरच, हातात लेखणी धरणेही अशक्य झाले. दुखणे ओसरले तेव्हा हातांची बोटे कायमची वळलेली होती. प्रसूतिशास्त्राचा नाद सोडणे भाग पडले, कारण त्या शास्त्रात लागणारे हाताचे बळ व तासन्‌तास उभे राहण्याची शक्ती ही दोन्ही आता त्यांच्यापाशी उरली नव्हती.

याच कालखंडात त्यांचा पुदुच्चेरीच्या आश्रमाशी संबंध आला आणि श्रीअरविंदांना त्यांनी गुरुस्थानी मानले. वडोदऱ्याच्या भाविकांना येथे एक आठवण होईल. हेच श्रीअरविंद १८९३ पासून १९०६ पर्यंत सयाजीराव गायकवाडांच्या सेवेत वडोदऱ्यास होते, आणि विष्णु भास्कर लेले या महाराष्ट्रीय योग्याने त्यांना ध्यानाचा मार्ग दाखविला तोही वडोदऱ्यासच. असो. वेंकटस्वामींनी गुरूपासून काय घेतले, याचे वर्णन करीत बसण्याचे कारण नाही. त्यांनी उभारलेल्या कार्यावरून ते दिसते.

प्रसूतिशास्त्र गेले, तेव्हा त्यांनी नेत्रशास्त्र पत्करले. वरकरणी हा निर्णय अविचाराचा वाटतो. वाकड्या बोटांच्या माणसाने शरीरातील सर्वांत नाजूक इंद्रियावर शस्त्र चालवावे, हे कोणास पटेल? परंतु डोळ्याच्या शस्त्रक्रियेस बळ लागत नाही, लागते ती स्थिरता. आपल्या बोटांच्या ठेवणीस जुळतील अशी उपकरणे त्यांनी करवून घेतली, ती धरण्याचा सराव केला आणि १९५१ साली पदविका व १९५४ साली नेत्रशल्यविद्येची पदव्युत्तर पदवी मिळविली. पुढे हाच मनुष्य एका दिवसात शंभरापर्यंत शस्त्रक्रिया करू लागला. आयुष्यात त्यांच्या हातून एक लाखाहून अधिक नेत्रशस्त्रक्रिया झाल्या असे सांगतात.

मोतीबिंदू हा काही नवा रोग नव्हे. डोळ्याच्या बाहुलीमागे जे स्वच्छ भिंग असते ते वयोमानाने गढूळ होते, प्रथम पिवळट, मग तपकिरी, कधी दुधासारखे पांढरे तर कधी काळसर. लोक याला मोतीबिंदू पिकला असे म्हणतात. सुश्रुताच्या उत्तरतंत्रात लिंगनाश या नावाने त्याचे वर्णन आले असून यवाच्या टोकासारख्या शलाकेने करावयाचा उपायही तेथे सविस्तर दिला आहे. त्या उपायात गढूळ भिंग दृष्टीच्या मार्गातून मागे ढकलले जात असावे, असे आधुनिक अभ्यासक मानतात. आपल्या पूर्वजांचे हे धाडस अभिमानास्पद आहे यात शंका नाही. मात्र भिंग डोळ्यातच राहिल्याने पुढे दाह होऊन असे अनेक डोळे जात, आणि गावोगाव फिरणाऱ्या वैदूंच्या हाती ही विद्या गेल्यावर तर तिची दुर्दशाच झाली, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

वेंकटस्वामी या क्षेत्रात आले तेव्हाची शस्त्रक्रिया निराळी होती. डोळ्यास मोठा छेद घेऊन भिंग त्याच्या आवरणासकट बाहेर काढीत व टाके घालीत. रोग्याने कित्येक दिवस डोळ्यांवर पट्टी बांधून हालचाल न करता पडून राहावयाचे आणि मग जन्मभर जाड भिंगाचा चष्मा वापरावयाचा. चष्मा हरवला वा फुटला की पुन्हा अंधार. खेड्यातील म्हातारा मनुष्य असा विचार करी की, थोडे दिसते आहे तोवर कशाला जोखीम घ्या? पिकू द्या, मग पाहू. या पिकू देण्यात मोठा घात असे. फार पिकलेले भिंग कधी फुगते, कधी आतून पाझरू लागते, डोळ्यातील दाब वाढून असह्य वेदना होतात आणि त्या काचबिंदूने दृष्टीची नस एकदा मेली की नंतर कितीही कुशल शल्यविशारद आला तरी उपयोग होत नाही.

१९५६ मध्ये ते मदुराईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात व एर्स्किन रुग्णालयात नेत्रविभागाचे प्रमुख झाले. तेथील वीस वर्षांत त्यांनी खेडोपाडी नेत्रशिबिरे भरविली. शाळेच्या खोल्या, धर्मशाळा, मांडव, मिळेल त्या जागी शस्त्रक्रिया होत. इंग्लंडचे सर जॉन विल्सन, जे स्वतः बालपणी दृष्टी गमावलेले गृहस्थ होते व अंधांच्या सेवेस ज्यांनी आयुष्य वाहिले होते, त्यांचा स्नेह वेंकटस्वामींना याच काळात लाभला. १९७३ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली आणि १९७६ मध्ये अंधत्वनिवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला.

शिबिरांचा अनुभव त्यांना पुष्कळ शिकवून गेला. मांडवातील शस्त्रक्रियेत धूळ व पाणी यांवर ताबा राहत नाही, आणि एका दूषित द्रावणाने एकाच दिवशी अनेक डोळे गमावण्याची भीती असते. देशात अशा दुर्घटना वेळोवेळी घडल्या आहेत. गरिबाला फुकट मिळालेल्या शस्त्रक्रियेत डोळा गेला तर तो दाद कोठे मागणार? ही टोचणी त्यांच्या संस्थेच्या पुढील सर्व व्यवस्थेच्या मुळाशी दिसते. म्हणून त्यांच्या संस्थेने तपासणी खेड्यात आणि शस्त्रक्रिया मात्र रुग्णालयात, असा दंडक घालून घेतला. दुसरी गोष्ट अशी ध्यानात आली की, मोफत म्हटले तरी लोक येत नाहीत. मदुराईच्या परिसरात याचा रीतसर शोध घेतला तेव्हा कारण कळले. शस्त्रक्रिया फुकट असली तरी येण्याजाण्याचे भाडे, जेवण, बुडालेली मजुरी आणि सोबतीस आलेल्या मुलाचा खोळंबा फुकट नसतो. तेव्हापासून रोग्यास गावातून मोटारीने न्यावयाचे, जेवू घालावयाचे आणि घरी पोचवावयाचे, हा खर्च शस्त्रक्रियेचाच भाग ठरला.

१९७६ साली सेवानिवृत्तीचे वय झाले. वेंकटस्वामी अविवाहित होते. पेन्शन घेऊन पुदुच्चेरीस स्वस्थ राहावे, असे त्यांनी ठरविले असते तर कोणी नावे ठेवली नसती. त्यांनी मदुराईत एका घरात ११ खाटांचे रुग्णालय उघडले व त्यास गुरूचे नाव दिले. बँका कर्ज देण्यास राजी नव्हत्या. घर गहाण पडले, घरच्यांचे दागिने गेले. बंधू श्रीनिवासन यांनी हिशेब व बांधकाम पाहिले, भगिनी डॉ. नाच्चियार आणि त्यांचे पती डॉ. नंपेरुमाळसामी यांनी शस्त्रक्रियागृह सांभाळले. तळमजल्याच्या उत्पन्नातून वरचा मजला, अशी ती इमारत हळूहळू चढत गेली. पुढे थेनी १९८५, तिरुनेलवेली १९८८, कोइमतूर १९९७ आणि पुदुच्चेरी २००३ अशी शाखारुग्णालये झाली.

या रुग्णालयाचा व्यवहार अनेकांना कोड्यात टाकतो. ज्याला शक्य असेल त्याने पैसे द्यावेत, नसेल त्याने देऊ नयेत, आणि कोणत्या दाराने आत यावयाचे हे रोग्याने स्वतः ठरवावयाचे. उत्पन्नाचा दाखला कोणी मागत नाही. शस्त्रक्रियांपैकी निम्म्याहून अधिक मोफत वा नाममात्र दराने होत आल्या, तरी संस्था देणग्यांवर अवलंबून राहिली नाही. पैसे देणाऱ्यास खोली व पलंग मिळे, न देणाऱ्यास मोठ्या दालनात चटई मिळे. भेद होता तो एवढा. डॉक्टर मात्र पाळीपाळीने दोन्हीकडे काम करीत. आज श्रीमंताच्या डोळ्यावर जो हात चालला तोच उद्या चटईवरच्या म्हातारीच्या डोळ्यावर चालावयाचा, हा तेथील नियम.

खर्च कमी झाला तो वस्तूंत काटकसर करून नव्हे, तर वेळ वाया न घालविता. शस्त्रक्रियागृहात एका डॉक्टरसाठी दोन मेजे मांडलेली असत. एका मेजावरील काम संपते तोवर दुसऱ्यावरील रोगी तयार असे, आणि डॉक्टरने नुसते सूक्ष्मदर्शक वळवून पुढील डोळ्याकडे पाहावयाचे. बाकीची सिद्धता परिचारिका करीत. या परिचारिका बहुधा खेड्यातील शाळा संपविलेल्या मुली असत. त्यांना दोन वर्षे शिक्षण देऊन एकेका कामात तरबेज केले जाई. ही कल्पना वेंकटस्वामींना अमेरिकेत मॅक्डोनल्ड नावाची उपाहारगृहे पाहून सुचली, असे सांगतात. कोठेही जा, तोच पदार्थ, तीच चव, तीच स्वच्छता. अभक्ष्य विकणाऱ्या दुकानापासून योगमार्गाच्या साधकाने धडा घ्यावा, याचे काही भाविकांस नवल वाटेल. पण चोवीस गुरू करणाऱ्या अवधूताची कथा ज्यांना ठाऊक आहे त्यांना वाटू नये.

१९८० नंतर शस्त्रक्रियेचे रूप पालटले. गढूळ भिंग काढून त्याच्या आवरणाच्या पिशवीत कृत्रिम भिंग बसविण्याची पद्धत पाश्चात्त्य देशांत रूढ झाली व जाड चष्म्याची गरज संपली. परंतु आयात केलेले भिंग शंभर डॉलरच्या घरात पडे. गरिबास जुनीच पद्धत पुरे, असे म्हणणारे जाणते लोक त्या काळी थोडे नव्हते. वेंकटस्वामींना ते मान्य झाले नाही. १९९२ मध्ये मदुराईतच ऑरोलॅब हा कारखाना उभा राहिला व सुमारे दहा डॉलरमध्ये भिंग मिळू लागले. पुढे किंमत याहूनही उतरली आणि ती भिंगे शंभराहून अधिक देशांत गेली. नवी पद्धत खरोखरच सरस आहे का, हे त्यांच्या संस्थेने गृहीत धरले नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असलेल्या ३,४०० रोग्यांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी करून वर्षभर त्यांची दृष्टी तपासली. १९९८ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष भिंगाच्या बाजूने स्पष्ट होते.

यानंतरचा प्रश्न अधिक नाजूक होता. फेको नावाची आणखी नवी पद्धत आली. तीत सुमारे तीन मिलिमीटरच्या छेदातून सुई घालून श्राव्यातीत ध्वनिलहरींनी भिंगाचा चुरा करतात व तो शोषून घेतात. यंत्र महाग आणि सामग्रीही महाग. दुसरीकडे टाक्यावाचून होणारी हातची पद्धत सिद्ध झाली. तीत डोळ्याच्या पांढऱ्या भागातून सहा-सात मिलिमीटरचा तिरपा बोगदा करून भिंगाचा गाभा अखंड बाहेर काढतात. बोगद्याची ठेवण अशी की, आतील दाबानेच तो मिटतो. मदुराईत पैसे देणाऱ्यांवर बहुधा फेको आणि मोफत रोग्यांवर बहुधा ही हातची पद्धत, असे चित्र दिसू लागले. मग खोली व चटई एवढाच भेद आहे, हे म्हणणे खरे उरले काय? गरिबाच्या डोळ्यास दुय्यम उपचार मिळत होता काय?

ही शंका कोणी बोलून दाखवो वा न दाखवो, तिचे उत्तर देणे आवश्यक होते, आणि ते एकट्या मदुराईतून आले नाही. पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्ररुग्णालयात ४०० रोग्यांवर दोन्ही पद्धतींची तुलना झाली व तिचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. सहा आठवड्यांनी चष्मा लावून ६/१८ किंवा अधिक दृष्टी आलेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत ९८ टक्क्यांच्या आसपास होते. चष्म्यावाचून मात्र फेको काहीशी पुढे होती, ८१ टक्के विरुद्ध ७१. मोठ्या छेदामुळे बुबुळाच्या पडद्यास किंचित बाक येतो, त्याचा हा परिणाम. ही उणीव लपविण्याचे कारण नाही. परंतु पुरत्या पिकलेल्या मोतीबिंदूची गोष्ट वेगळी आहे. दगडासारख्या कठीण भिंगाचा चुरा करण्यास लहरींचा मारा जास्त वेळ करावा लागतो आणि त्याने बुबुळावरील पारदर्शक पडद्याच्या आतील पेशी दुखावतात. त्या पेशी पुन्हा वाढत नाहीत. नेपाळात डॉ. सांडुक रुईत व अमेरिकेतील डॉ. डेव्हिड चांग यांनी प्रगत मोतीबिंदूच्या १०८ रोग्यांवर आपापल्या पद्धतीने शस्त्रक्रिया केल्या. एकाची पद्धत हातची, तर दुसऱ्याची फेको. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सहा महिन्यांनी चष्म्यासह दोघांचेही यश ९८ टक्के होते, चष्म्यावाचून रुईत यांचे ८९ व चांग यांचे ८५. हातच्या पद्धतीस सरासरी ९ मिनिटे लागली व दुसरीस १५ हून अधिक. दुसऱ्या दिवशी पडद्याची सूजही हातच्या पद्धतीत कमी होती.

वेगाविषयीची भीती निराळी. चारएक मिनिटांत उरकलेले काम निष्काळजीपणाचे असणार, असे कोणालाही वाटेल. अरविंद रुग्णालयातील जलद शस्त्रक्रियांची नोंद २००५ साली प्रसिद्ध झाली तेव्हा चष्म्यासह ६/१८ वा अधिक दृष्टी सुमारे ९४ टक्के रोग्यांस आलेली दिसली. भिंगाची मागील पिशवी फाटली, जंतुसंसर्ग झाला, पडदा सुजला, अशा प्रत्येक अपायाची डॉक्टरवार नोंद ठेवावयाची, आणि ज्याच्या हातून असे प्रकार जास्त घडतील त्याने वरिष्ठांपाशी बसून शिकावयाचे, अशी तेथील शिस्त. डोळ्याच्या आत पू होण्याचा भयंकर अपाय तेथे हजारी एकाहून कमी रोग्यांत होई. पुढे शस्त्रक्रियेच्या शेवटी डोळ्यातच मोक्सिफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक सोडण्यास प्रारंभ झाला. सहा लाखांहून अधिक शस्त्रक्रियांचा हिशेब २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात हे प्रमाण ०.०७ टक्क्यावरून ०.०२ वर उतरलेले दिसते.

वेंकटस्वामींनी हा शेवटचा हिशेब पाहिला नाही. ७ जुलै २००६ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी, मदुराईत त्यांचा देह पडला. वार्धक्यात शस्त्र खाली ठेवल्यावरही ते रुग्णालयात येत राहिले. संपत्ती अशी त्यांनी स्वतःपाशी काही ठेवली नाही.

त्यांच्या मागे राहिलेल्यांनी गुरूच्या नगरीत, पुदुच्चेरीच्या शाखेत, पुरत्या पांढऱ्या झालेल्या मोतीबिंदूचे २७० रोगी घेऊन पुन्हा तीच परीक्षा केली. अशा डोळ्यात भिंगाचे आवरण दिसत नाही, म्हणून ते निळ्या रंगाने रंगवून घ्यावे लागते व शस्त्रक्रियेतील धोका वाढतो. निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. मागील पिशवी फाटण्याचा प्रकार फेकोच्या गटात तिघांच्या व हातच्या पद्धतीत दोघांच्या बाबतीत घडला. सहा आठवड्यांनी चष्म्यासह दृष्टी दोन्ही गटांत ९८-९९ टक्के रोग्यांस आली. आणि वेळ लागला तो एका गटात सुमारे १२ मिनिटे, दुसऱ्यात ९ मिनिटांहूनही कमी. कमी वेळ लागला तो हातच्या पद्धतीस.